ते पुस्तक तुमच्या हातात कुणी दिलं? : प्रेमकथा आणि रहस्यकथा वाचणाऱ्यांचे अनुभव

पुण्यात कोथरूडला मी गेली 22 वर्षं एक छोटं वाचनालय चालवते. वैचारिक पुस्तक मागणारे सभासद मोठ्याने मागतात. प्रेमकथा किंवा रहस्यकथा हवी असली की मात्र आवाज खाली येतो. "काकू, काहीतरी हलकंफुलकं द्या ना." मला याचं फार वाईट वाटतं. माझ्याकडच्या निम्म्याहून अधिक माणसांना वाचायची सवय याच पुस्तकांनी लावली आहे, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

सुचवणं हे आमच्या कामातलं सगळ्यात अवघड काम. "शेवटपर्यंत खुनी कळत नाही" एवढं म्हटलं तरी अर्धं पुस्तक फुटतं, कारण वाचणारा पहिल्या पानापासून सगळ्यात सालस माणसावर डोळा ठेवून बसतो. म्हणून मी फक्त पहिल्या 10 पानांत काय घडतं तेवढंच सांगते.

आमच्याकडच्या जुन्या सभासद बायकांची एक खूण असते. वाचून झालं की 17व्या किंवा 32व्या पानाच्या आकड्याखाली पेन्सिलीने बारीक टिंब. प्रत्येकीचं पान ठरलेलं. पुस्तक हातात घेतलं की आधी ते पान उघडायचं, टिंब दिसलं तर परत ठेवायचं. एका रहस्यकादंबरीत मला अशी 6 वेगवेगळ्या पानांवरची टिंबं सापडली आहेत. 2013 साली 'दुनियादारी' सिनेमा आला आणि कॉलेजची मुलं रांगेने कादंबरी मागायला लागली. कादंबरीचे लेखक सुहास शिरवळकर जाऊन तोवर 10 वर्षं झाली होती. आमची प्रत दोनदा बांधून घ्यावी लागली, आणि त्या मुलांपैकी काही आजही येतात.

तर माझी विनंती: कुठलं पुस्तक आवडलं हे तर सांगाच, पण ते तुमच्या हातात कुणी दिलं आणि देताना काय म्हटलं, हेही लिहा.

डोंबिवलीहून

आमच्या घरात बाबूराव अर्नाळकरांचं नाव देवासारखं घेतलं जायचं. वडील गिरणीत होते, शाळा चौथीपर्यंत. झुंजार आणि काळा पहाड या अर्नाळकरांच्या नायकांनी त्यांना भराभर वाचायला शिकवलं, असं ते स्वतः सांगायचे. अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. वडिलांनी किती वाचल्या याचा हिशोब नाही, पण रात्रपाळीच्या डब्याबरोबर पिशवीत एक पुस्तक असायचंच.

मला मात्र पुस्तकं दिली ती लोकलच्या लेडीज डब्याने. 1990 च्या सुमारास मी फोर्टात नोकरीला लागले. आमच्या ग्रुपमध्ये एक बाई होत्या, सगळ्या त्यांना मावशी म्हणायच्या. सोमवारी त्या वर्तमानपत्राचं कव्हर घातलेली कादंबरी आणायच्या. आधी खिडकीशी बसलेली वाचणार, ठाण्याला जागा बदलली की पुस्तकही बदलणार. एकच पुस्तक तिघी-चौघी वेगवेगळ्या पानांवरून वाचत असायच्या. ज्याच्या त्याच्या पानावर खूण म्हणून कुणी पासचं जुनं कव्हर, कुणी केसांचा चाप. पुढे गेलेलीने मागच्यांना काही सांगायचं नाही, हा मावशींचा दंडक होता. एकदा एकीने मुलुंडला उतरता उतरता "तो नवरा जिवंत आहे बरं का" म्हटलं. दोन दिवस तिच्याशी कुणी बोललं नाही.

कव्हर का घालायचं, हे मी त्यांना विचारलं होतं. म्हणाल्या, "ऑफिसातल्या साहेबाने नाव बघितलं तर तो हसेल. आणि तो हसला तर तू वाचायची थांबशील."

डिचोली, गोवा

गुरुनाथ नाईक आमचे गोव्याचे. हजाराच्या वर कादंबऱ्या लिहिणारा माणूस आपल्या मातीतला आहे, हे मला दहावीपर्यंत माहीतच नव्हतं! कॅप्टन दीप आणि गोलंदाज या त्यांच्या रहस्यकथा-मालिका कुठल्यातरी मोठ्या शहरातला लेखक लिहितो असं वाटायचं. मामाने सांगितलं तेव्हा मी त्याला खोटं ठरवलं. 2022 साली ते गेले तेव्हा मामाचा फोन आला होता, आणि आम्ही दोघं अर्धा तास फक्त जुनी मुखपृष्ठं आठवत होतो.

सोलापूर जिल्हा, एसटी कंडक्टर

ताई, तुमचं वाचून लिहावंसं वाटलं. मुक्कामी गाडीवर असलो की रात्री साडेनऊला गाडी गावात लागती. ड्रायव्हर झोपतो, गाव झोपतं, मला काय झोप येत नाही. सुरुवातीच्या काळात तिकिटांचा हिशोब झाला की नुसतं पडून राहायचो. स्टँडवरच्या गाळ्यात पुस्तकं भाड्यानं मिळायची. गाळेवाल्या काकांनी एक दिवस बॅरिस्टर अमर विश्वासची कादंबरी पुढं केली. म्हणाले, "कोर्टाचं आहे. तुम्ही रोज पन्नास माणसांची खोटी कारणं ऐकता, तुम्हाला जमंल."

खरंच जमलं. साक्षीदार कुठं अडखळतो, कुठं जादा बोलतो, हे मला लगेच कळायचं. अर्ध तिकीट मागणारा बापपण असाच जादा बोलतो. त्या रात्री गाडीतल्या दिव्याखाली पूर्ण पुस्तक संपवलं, पहाटे साडेपाचला घंटी मारली. तवापासून मी डेपोतल्या विश्रांतीगृहात एक खोका ठेवलाय. वाचून झालेलं त्यात टाकायचं, दुसरं उचलायचं. कुणी नोंद ठेवत नाही. एवढ्या वर्षांत पुस्तकं कमी झाली नाहीत, उलट वाढलीत. आमच्यातले दोघं तर फक्त प्रेमकथा उचलतात, आणि उघडपणे उचलतात.

नागपूर

आजीच्या लोखंडी पेटीत साड्यांखाली चंद्रकांत काकोडकरांच्या कादंबऱ्या असायच्या. आम्हा मुलींना हात लावायची बंदी. त्यांच्या 'श्यामा' या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला होता. ती 1962 च्या 'रंभा' दिवाळी अंकातली कथा. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि 1969 साली न्यायालयाने ती अश्लील नाही असा निर्णय दिला. त्याच वर्षी त्यांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा हिंदी सिनेमा आला. आजीला हे सगळं तोंडपाठ होतं. तिला त्या निकालाचा स्वतः जिंकल्यासारखा आनंद होता.

मी 23 वर्षांची असताना मला बघायला पाहुणे येणार होते. आदल्या रात्री आजीने पेटी उघडली, एक कादंबरी माझ्या उशाशी ठेवली आणि म्हणाली, "हे वाच अन् मग उद्या पोहे घेऊन जा." मी पहाटेपर्यंत वाचलं. दुसऱ्या दिवशी मुलाला मी समोरून चार प्रश्न विचारले. आईचा चेहरा पांढरा पडला होता. आजी शांतपणे सुपारी कातरत होती.

दुबई

नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'ची पेटी आमच्याकडे येते. 2009 साली सुरू झालेला हा उपक्रम इथल्या मराठी घरांपर्यंत पोचला. एका घरात पेटी, आसपासच्या घरांनी त्यातली पुस्तकं वाचायची, काही महिन्यांनी पेट्यांची अदलाबदल. लग्न करून इथे आले तेव्हा कुणालाच ओळखत नव्हते. पेटी ज्यांच्याकडे होती त्या वहिनींनी अनुवादित 'रेबेका' दिली. म्हणाल्या, "नव्या घरात आलेल्या मुलीची गोष्ट आहे. घाबरशील, पण एकटी नाही वाटणार." त्या कादंबरीत नायिकेचं स्वतःचं नाव अखेरपर्यंत सांगितलेलं नाही. ती फक्त अमुकची दुसरी बायको. मलाही इथे सगळे नवऱ्याच्या आडनावानेच हाक मारायचे. प्रेम आणि भय एकाच घरात राहतं म्हणजे काय, हे इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलं नाही. अजून ज्यांनी वाचली नसेल त्यांनी जरूर वाचा, आणि सिनेमा आधी बघू नका.

लातूर

मी 21 वर्षांची आहे आणि प्रतिलिपि या कथांच्या ॲपवर वाचते. रात्री 11 ला पुढचा भाग येतो, मैत्रिणी आणि मी एकदमच उघडतो. आम्हाला वाचनालय लांब आहे, मोबाईल हातात आहे. मोठ्यांना हे वाचन वाटत नाही, पण वर्षभरात मी जितकी पानं वाचते तितकी घरात कुणी वाचत नाही.

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. खूप कथांमधला नायक श्रीमंत, रागीट, आणि तिच्या मागे मागे जाणारा असतो. मनगट धरतो, खोलीत कोंडतो, आणि पुढच्या भागात त्याला प्रेम म्हणतात. मी नववीत असताना मला ते आवडायचं. पुढे क्लासच्या रस्त्यावर एक मुलगा खरंच रोज मागे यायला लागला. तेव्हा कळलं की पाय कसे थरथरतात. त्यानंतर मी त्या कथा वाचू शकले नाही. आता चुलत बहीण आठवीत आहे आणि ती माझ्याकडे कथा मागते. तिला मी एक कसोटी दिली आहे: पहिल्या तीन भागांत ती एकदा तरी "नको" म्हणते का, आणि त्यानंतर तो काय करतो ते बघ. थांबला तर वाच. गेल्या आठवड्यात तिने स्वतःच एक कथा अर्ध्यावर सोडली आणि मला मेसेज केला, "ताई, हा थांबला नाही."

सातारा

मला दिसत नाही. लहानपणी भाऊ वाचून दाखवायचा, पण रहस्यकथेच्या ऐन मोक्यावर त्याला खेळायला जायचं असायचं. 2017 च्या अखेरीस स्टोरीटेल हे पुस्तकं ऐकवणारं ॲप भारतात आलं, त्यात मराठी होतं, आणि मी पहिल्यांदा एक अख्खी रहस्यकथा माझ्या वेळेने ऐकली. रात्री दोनला, एकटा, कुणाला विनंती न करता.

ऐकणाऱ्यांसाठी एक सूचना. काही वाचक कलाकार खुन्याचे संवाद सुरुवातीपासूनच किंचित खालच्या पट्टीत वाचतात. आम्हाला ते लगेच लागतं. म्हणून मी पुस्तक सुचवताना लेखकाबरोबर आवाज कुणाचा हेही सांगतो. सगळ्यांना एकसारख्या प्रेमाने वाचणारा आवाज असेल, तरच रहस्य टिकतं.

पुणे

वाचनालयाच्या काकू, मी तुमचीच सभासद आहे. कदाचित ओळखाल.

गेल्या वर्षी माझी केमो चालू होती. रिपोर्टची वाट बघण्यात दिवस जायचे, त्यात रहस्यकथा अजिबात सोसवेना. कुठल्याही पुस्तकात "पुढे काय होणार" आलं की छाती धडधडायची. माझे यजमान तुमच्याकडे यायचे आणि विचारायचे, "शेवट गोड आहे ना?" तुम्ही एरवी कुणाला शेवट सांगत नाही हे मला माहीत आहे. यजमानांना मात्र तुम्ही प्रत्येक वेळी सांगितलात. शिवाय पहिल्या पानावर कागदाचा कपटा लावायचात: "दोघांचं लग्न होतं. आजी जगते. 140 व्या पानावर थोडं रडू येईल, ते लगेच निवळतं."

लोक म्हणतात, प्रेमकथांमध्ये पुढचं सगळं आधीच कळतं. मला तेच हवं होतं. सलाईनची नळी हाताला असताना, हे दोघं भांडले तरी एकत्र येणार आहेत हे माहीत असणं, याच्याइतका आधार मला दुसऱ्या कशाने दिला नाही. 19 कादंबऱ्या वाचल्या. ते कपटे सगळे जपून ठेवले आहेत.

या सोमवारी मी स्वतः येते आहे, रिक्षाने. एक रहस्यकथा काढून ठेवा. शेवट सांगू नका.