दोघांनीच, सावकाश: युरोपातल्या उन्हाळी भटकंतीचे अनुभव

येत्या जूनमध्ये आम्ही नवरा-बायको पाच आठवड्यांसाठी युरोपात जातोय. याआधी एकदा गेलो होतो, ग्रुप टूरने, बारा दिवसांत सहा देश. फोटो भरपूर आहेत. पण लूव्हरमध्ये काय पाहिलं असं कुणी विचारलं, तर मोनालिसासमोरची गर्दी सोडून मला काही सांगता येत नाही. रोज पहाटे बॅगा खोलीबाहेर ठेवायच्या आणि बसमध्ये जागा धरायची. ह्यांच्याशी धड बोलणं झालं ते थेट परतीच्या विमानात. या खेपेला तसं करायचं नाही, एवढं पक्कं ठरलंय.

ज्यांनी जोडीने, स्वतः आखून, एकेका गावात चार-पाच रात्री काढत युरोप पाहिलाय त्यांनी कृपया लिहा. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या कुठेही मिळतात, त्या नकोत. तुम्ही कुठे थांबलात, का थांबलात, कुठे अडलात आणि दोघांचं कसं जमलं, ते सांगा.

*

आम्ही दोघं साठी ओलांडलेले. माझे गुडघे दुखतात आणि ह्यांना गाडी चालवायची हौस आता उरली नाही, म्हणून सगळा प्रवास रेल्वेने केला. युरेल पासवर साठीच्या पुढच्यांना दहा टक्के सवलत मिळते. पास असला तरी फ्रान्स आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात. जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडच्या बहुतेक साध्या गाड्यांत नुसतं जाऊन बसायचं. आम्ही म्हणूनच आल्प्सच्या आसपास राहिलो.

सगळ्यात आवडला तो तिरानोचा मुक्काम. इटलीच्या उत्तरेला, स्विस सीमेला अगदी चिकटून असलेलं छोटं गाव. इथून बर्निना मार्गाची लाल गाडी सेंट मॉरिट्झला जाते. बहुतेक पर्यटक मोठ्या काचांची खास गाडी घेतात, तिला आरक्षण लागतं. त्याच रुळांवरून साध्या गाड्याही धावतात आणि त्यांच्या काही डब्यांच्या खिडक्या उघडता येतात. आम्ही तीच धरली. सुरुवातीला गाडी रस्त्याच्या कडेने, चर्चसमोरून, ट्रामसारखी जाते. ब्रुसिओला दगडी पुलावर पूर्ण गोल फिरते, तेव्हा मागच्या डब्यातून आपलंच इंजिन वर चढताना दिसतं. 429 मीटरवरून निघून 2253 मीटरपर्यंत ही चढण, आणि मध्ये कुठेही दातेरी रूळ नाहीत. 1910 साली पूर्ण झालेला मार्ग आहे हा.

तिसऱ्या दिवशी अल्प ग्र्यूम नावाचं स्टेशन आलं. तिथे मोटाररस्ता जात नाही, गाडीनेच जायचं किंवा चालत. हे म्हणाले, "उतरू या का?" उतरलो. समोर पालू हिमनदी, खाली दरी. पुढची गाडी आली, गेली. आम्ही बसून राहिलो. तिच्यानंतरचीही सोडली. घाटमाथ्यावर एकमेकांना लागून दोन तळी आहेत. एकाचं पाणी पो नदीवाटे एड्रियाटिक समुद्राला जातं, तर दुसऱ्याचं इन आणि डॅन्यूबमधून काळ्या समुद्राला. ह्यांनी ते मला बाकावर बोटाने रेघा ओढून समजावून सांगितलं. चाळीस वर्षांपूर्वी हे असंच सगळं समजावून सांगायचे. पाच रात्री तिथे राहिलो आणि त्याच गाडीने तीनदा गेलो. एकदाही कंटाळा आला नाही.

*

आम्ही फ्रान्सच्या दक्षिणेला कनाल द्यू मिदीवर आठवडाभर होडी घेतली होती. तुलूजपासून समुद्राजवळच्या खाजणापर्यंत 240 किलोमीटरचा कालवा आहे. पिएर-पॉल रिके नावाच्या, मिठावरचा कर गोळा करणाऱ्या माणसाने तो खोदवला. स्वतःची मालमत्ता त्यात घातली आणि 1681 साली कालवा खुला झाला तेव्हा तो हयात नव्हता, काही महिने आधीच वारला होता. हे वाचून गेलो होतो, म्हणून प्रत्येक दगडी पुलाखालून जाताना त्याची आठवण यायची.

होडीला परवाना लागत नाही. धक्क्यावर अर्धा तास शिकवतात आणि चावी हातात देतात. वेगाची मर्यादा ताशी 8 किलोमीटर, म्हणजे काठावरचा सायकलवाला सहज पुढे जातो. खरी परीक्षा लॉकमध्ये, म्हणजे होडीला वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर नेणाऱ्या हौदात. होडी हौदात घ्यायची, मागचं दार लागतं, पाणी उतरतं, मग पुढचं दार उघडतं. इथले हौद अंडाकृती आहेत, कारण सुरुवातीच्या सरळ भिंती मातीच्या दाबाने ढासळल्या होत्या.

पहिल्याच दिवशी माझ्याकडून मोठी चूक झाली. पाणी उतरत असताना दोर खुंटाला फक्त एक वेढा देऊन हातात धरायचा असतो आणि हळूहळू सोडत राहायचा असतो. मी गाठ मारून टाकली. पाणी खाली गेलं, होडी एका बाजूने भिंतीला टांगली गेली, आतली भांडी घरंगळल्याचा आवाज आला. लॉकवाली बाई ओरडत धावली आणि तिने झडपा बंद केल्या. मी मात्र बायकोवर ओरडलो. ती दुसऱ्या टोकाला आपला दोर अगदी बरोबर सोडत होती.

संध्याकाळी काठाला लागलो तेव्हा ती बोलेना. मी माफी मागितली. ती म्हणाली, "घाई कसली होती तुला?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून सुकाणू तिच्याकडे, दोर माझ्याकडे. दुपारी जेवणाच्या सुट्टीत लॉक बंद असतात, त्या वेळी झाडाखाली होडी बांधायची, पाव-चीज-टोमॅटो खायचे आणि पडून राहायचं. काठाची 'प्लेन' नावाची झाडं बुरशीच्या रोगाने मरताहेत. 2006 पासून हजारो तोडावी लागली. काही पट्ट्यांत पूर्ण सावली, काही पट्टे उघडेबोडके, तिथे नवी रोपं लावलेली. ते बघून जीव हळहळतो. त्या उघड्या पट्ट्यांसाठी टोपी आणि भरपूर पाणी न्याच. सात दिवसांत फार थोडं अंतर कापलं आणि मला ती सहल अजून तासातासाने आठवते.

*

उन्हाळ्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. जुलैत दक्षिण युरोपात कडक ऊन असतं आणि जुन्या घरांतल्या खोल्यांना बऱ्याचदा एसी नसतो. खोली घेताना विचारून घ्या. तिथली माणसं करतात तेच करायचं: पहाटे खिडक्या उघड्या, ऊन चढायच्या आत लाकडी झडपा गच्च बंद, रात्री पुन्हा उघड्या. फिरणं सकाळी अकरापर्यंत आणि मग संध्याकाळी सहानंतर. जूनअखेरीस पॅरिसमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, त्यामुळे वेळ भरपूर मिळतो.

15 ऑगस्टला इटलीत सुट्टी असते, त्या आठवड्यात लहान शहरांतली बरीच दुकानं बंद राहतात. जर्मनी-ऑस्ट्रियात रविवारी किराणा मिळणं कठीण, शनिवारीच भरून ठेवा.

आणि व्हिसा: शेंगेन देश (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) सगळे मिळून 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस. ज्या देशात सर्वाधिक रात्री, त्याच देशाकडे अर्ज. एकाच ठिकाणी जास्त राहणाऱ्यांचं हे गणित सोपं होतं. किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे.

*

आम्ही तिशीतले, गाडीने गेलो. चालवणारी मी.

आधी इटलीतला ताप सांगते. जुन्या शहरांच्या मध्यभागी 'झेडटीएल' म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो. पाटी असते, पण अनोळखी गल्लीत नजर रस्त्यावर असते, कॅमेरा मात्र नंबर टिपतो. हॉटेल शोधत मी त्याच चौकातून दोनदा गेले. चार महिन्यांनी दोन दंड आले, शिवाय गाडी भाड्याने देणाऱ्यांनी आपलं शुल्क वेगळं कापलं. गाडी वेशीबाहेर लावा आणि चालत आत जा.

स्लोव्हेनियात मात्र गाडीचं सार्थक झालं. क्रान्स्का गोराहून व्हर्शिच घाट चढतो, माथा 1611 मीटर. एकूण 50 वळणं आणि प्रत्येकावर क्रमांकाची पाटी. चढणीच्या बाजूच्या वळणांवर अजून दगडी फरसबंदी आहे, चाकाखाली खडखड लागते. नवरा शेजारी बसून आकडे मोजत होता. आठव्या वळणाजवळ झाडीत एक छोटं लाकडी प्रार्थनाघर आहे. पहिल्या महायुद्धात हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला आणि मार्च 1916 मध्ये हिमकडा कोसळून त्यातले कितीतरी जण गाडले गेले. त्यांच्या सोबत्यांनी ते बांधलं. आम्ही आत गेलो नाही, बाहेर उभे राहिलो. त्यानंतर नवऱ्याने आकडे मोजले नाहीत. पलीकडे सोचा नदी, पाचूसारख्या पाण्याची. बोवेचला पाच रात्री राहिलो आणि रोज त्या नदीकाठी गेलो.

*

थोडा वेगळा सूर लावतो. ग्रुप टूरला इतकं कमी लेखू नका. माझ्या आईवडिलांनी तशाच टूरने युरोप पाहिला, भाषेची धास्ती न बाळगता, आणि वडील अजून त्याबद्दल आनंदाने बोलतात. सावकाश फिरायला वेळ लागतो, आणि पाच आठवड्यांची रजा सगळ्यांना मिळत नाही. नऊच दिवस असतील तर दोन गावं घ्या, तेही पुरतं.

*

आमचा इटलीतल्या लुक्का शहराचा मुक्काम दोन रात्रींचा होता, झाला नऊ रात्रींचा. दुसऱ्या सकाळी जिन्यावरून बायकोचा पाय मुरगळला. तपासणीत हाड शाबूत निघालं, पण आठवडाभर पाय वर ठेवायला सांगितला. फ्लोरेन्स, सिएना, पुढची बुकिंगं, सगळं गेलं. विम्याचे पैसे मिळाले, कारण प्रत्येक पावती जपून ठेवली होती. तेवढं करा.

लुक्काभोवती 4 किलोमीटरहून थोडी जास्त लांबीची तटबंदी आहे, अखंड, आणि इतकी रुंद की वर झाडांचा रस्ताच आहे. मी रोज सकाळी एक फेरी मारायचो आणि परत येऊन तिला सांगायचो. ग्विनीजी मनोऱ्याच्या माथ्यावर ओकची झाडं वाढलेली आहेत, ती आमच्या खिडकीतून दिसायची. कोपऱ्यावरच्या फळवाल्या आजोबांना मी पहिल्या दिवशी खुणेने पाय सुजल्याचं सांगितलं. तेव्हापासून मी दिसलो की ते स्वतःच्या घोट्याकडे बोट दाखवून भुवया उंचावायचे. मी हाताने 'थोडं बरं' असं करायचो. मग एक पीच जास्तीचं पिशवीत.

आठव्या दिवशी ती काठी घेऊन निघाली. आधी आजोबांकडे गेलो. ते दुकानाबाहेर आले, तिच्या पायाकडे पाहिलं, आणि आपली खुर्ची तिच्यासाठी फळीबाहेर आणून ठेवली. तासभर आम्ही तिथेच बसलो. मग तटावर चढलो आणि पहिल्या बुरुजापर्यंत गेलो. ती म्हणाली, "तू सांगितलं होतंस त्यापेक्षा रुंद आहे."

*

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री ह्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. आमच्या आराखड्यात अकरा गावं होती, आता पाच उरली आहेत. व्हेनिस ह्यांनीच खोडलं, मला वाटलं नव्हतं. तिरानोवाल्या ताई, तुम्ही राहिलात ती खोली स्टेशनच्या बाजूला होती की चर्चच्या? जूनच्या शेवटच्या आठवड्यासाठी विचारतेय.