रीमॅप करू की नको? शनिवारी अपॉइंटमेंट आहे, लवकर सांगा

बुटीबोरी_अपडाउन
डिझेल टर्बो गाडी आहे. पिकअप नाही. परवा जामसावळीहून परत येताना ट्रकला ओव्हरटेक करायला निघालो, पाय पूर्ण दाबला तरी गाडी विचार करत बसली. समोरून बस. घरच्यांनी नंतर जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही.
हिंगण्याकडचा एक ट्यूनर स्टेज वन रीमॅप करून देतो म्हणे, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं. ताकद ११० पीएसची १४०, टॉर्क (ओढ) २५० एनएमचा ३२०, २८ हजारात. "इंजिनले काही होत नाही, कंपनीनं मुद्दाम दाबून ठेवलेलं असते." कोणी केलं आहे का? खरंच काही होत नाही का?

वर्धारोडवाला
कोणती गाडी, कोणतं साल, किती चालली? नुसतं "पिकअप नाही" म्हटलं तर ट्रॅक्टर पण असू शकते.

बुटीबोरी_अपडाउन
स्कोडा रॅपिड १.५ टीडीआय, २०१७. १ लाख १८ हजार. आता सांगा.

डिझेलभक्त
सॉफ्टवेअर कायले बदलतो भाऊ, सेन्सरच्या वायरवर लागणारा ट्यूनिंग बॉक्स लाव. सर्व्हिसिंगला जायच्या आधी काढून डिकीत ठेवायचा, कोणाला पत्ता नाही. मी तीन वर्षांपासून वापरून राहिलो. पचमढीचा घाट हसत चढते. वरून मायलेज दीडनं वाढला.

मेकॅनिकल_कोराडी
मायलेज मीटरवर पाहिला की टाकी फुल करून? बरेचसे स्वस्त बॉक्स रेल प्रेशरच्या, म्हणजे इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलच्या दाबाच्या, सेन्सरचा सिग्नल बदलतात. ईसीयूला (इंजिनच्या कॉम्प्युटरला) वाटतं प्रेशर कमी आहे, म्हणून तो वाढवतो. इंजेक्टर तेवढाच वेळ उघडा, पण प्रेशर जास्त, म्हणजे डिझेल जास्त जातं. मीटरवरचा आकडा मात्र ईसीयू आपल्या हिशोबानं काढतो, त्याला जास्तीचं डिझेल माहीतच नसतं. तुमचा दीड किलोमीटर त्या खोट्या हिशोबातला आहे.

डिझेलभक्त
तीन वर्षांत काही झालं नाही, एवढं मले पुरेसं आहे.

सावजी_रस्सा
समृद्धीवर कारला मर्यादा १२०ची. तेवढी तर तुमची गाडी आजही पळते, मग १४० पीएस कशाला? त्यापेक्षा टायर बघा. काँक्रीटवर उन्हाळ्यात चार-पाच तास सलग चालवलं की जुन्या टायरचं काही खरं नाही. मी नायट्रोजन भरतो.

वर्धारोडवाला
साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो भाऊ. टायर प्रेशर नियमित तपासा, पुरे.

सावजी_रस्सा
उरलेल्या २२ टक्क्यांचाच तर खेळ आहे.

मेकॅनिकल_कोराडी
धाग्यावर येऊ या. आपला मे महिना कोणीच हिशोबात घेत नाही. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४५ अंशांची हवा साधारण ६ टक्के विरळ असते. तेवढाच बूस्ट (हवेचा दाब) द्यायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, ती दाबलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरलाही गरमच हवा मिळते. त्यात मॅपनं डिझेल वाढवलं आणि हवा पुरली नाही, की काळा धूर निघतो आणि एक्झॉस्टचं तापमान चढतं. डिसेंबरमध्ये डायनोवर (ताकद मोजायच्या मशीनवर) काढलेला आकडा वर्धा रोडवर दुपारी दोनला मिळत नाही.
बरं, गाडी मॅन्युअल की ऑटोमॅटिक?

बुटीबोरी_अपडाउन
ऑटोमॅटिक, डीएसजी. पण रीमॅप इंजिनचा करून राहिलो ना, गिअरबॉक्सचा नाही.

मेकॅनिकल_कोराडी
अहो, ही गोष्ट पहिल्या ओळीत पाहिजे होती! या गाडीत सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी आहे, डीक्यू२००. त्याची मर्यादाच २५० एनएम. तुमचं इंजिन कंपनीतूनच २५० देतं, म्हणजे शिल्लक काहीच ठेवलेलं नाही. ट्यूनर ३२० देईल, इंजिन कदाचित सहनही करेल, क्लच पॅक करणार नाहीत.
करायचंच असेल तर त्याला सांगा, टॉर्क २५०च्या वर नेऊ नको, फक्त वरच्या आरपीएमला गळू देऊ नको. ४००० आरपीएमला ११० पीएस म्हणजे तिथं टॉर्क उरतो साधारण १९३ एनएम. तिथपर्यंत २५० टिकवला तर कागदावर १४२ पीएस होतात, गिअरबॉक्सची मर्यादा न ओलांडता. हा छोटा टर्बो ४५ अंशात तेवढं देईल असं मला वाटत नाही, पण १२०-१२५ मिळाले तरी ओव्हरटेकला फरक कळेल.

कामठी_लाइन
माझ्या जुन्या मॅन्युअल गाडीचा किस्सा. गाडीचं आणि ट्यूनरचं नाव सांगत नाही. मॅप केल्यावर पहिले सहा महिने स्वर्ग. मग खवासाच्या पुढे पाचव्या गिअरमध्ये दाबलं की आरपीएम वर आणि गाडी तिथंच. क्लच घसरून राहिला होता. सोबत क्लचला लागून असलेलं ड्युअल मास फ्लायव्हील पण गेलं. मॅपपेक्षा जास्त बिल झालं. इंजिन? एकदम ठणठणीत. ट्यूनर खोटं बोलला नव्हता, "इंजिनले काही होत नाही" एवढंच म्हणाला होता.

धरमपेठ_विमा
इन्शुरन्स कंपनीला कळवलं नाही तर क्लेमच्या वेळी वाद घालायला त्यांना आयतं कारण मिळतं. वॉरंटीतल्या गाड्यांचं तर विचारूच नका. आणि कोणी डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) काढायचा सल्ला दिला तर पळून जा, ते बेकायदा आहे.

बुटीबोरी_अपडाउन
वॉरंटी केव्हाच संपली. डीपीएफचं मी विचारलंच नव्हतं. हो किंवा नाही सांगा ना भाऊ, शनिवार जवळ येऊन राहिला.

लक्ष्मीनगर_ताई
एक विचारू? गाडी घेतली तेव्हापासूनच पिकअप नव्हता, की आता गेला?

बुटीबोरी_अपडाउन
नाही ताई, दिवाळीपर्यंत मस्त होती. आता दाबलं की सुस्त वाटते. आणि शिट्टीसारखा आवाज येते, तो एसीचा असेल.

वर्धारोडवाला
बाप्पा! हे आता सांगून राहिला का?

लक्ष्मीनगर_ताई
तो एसी नाही. टर्बो ते इंटरकूलर किंवा इंटरकूलर ते इंजिन, या पाइपांपैकी एक फाटला असेल किंवा क्लॅम्प ढिला असेल. दाबलेली हवा बाहेर जाते, तिचाच आवाज. आमच्या गाडीला झालं होतं, पाइपच्या जोडावर तेलकट ओल दिसत होती. स्कॅनर लावून एक चक्कर मारा, ईसीयूनं मागितलेला बूस्ट आणि प्रत्यक्ष मिळालेला बूस्ट शेजारी शेजारी बघा. तफावत असेल तर गळतीच आहे असं नाही. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) चोक झाला असेल, टर्बो कंट्रोल करणारा व्हॅक्यूम गेला असेल. पण अशा इंजिनवर मॅप टाकला तर टर्बो कमी पडलेली हवा भरून काढायला आणखी जोरात फिरेल आणि आधी तोच जाईल.

डिझेलभक्त
बॉक्स लावला असता तर एवढी डोकेफोड झाली नसती.

मेकॅनिकल_कोराडी
डोकेफोड तुमचा टर्बो करेल, थांबा थोडं.

बुटीबोरी_अपडाउन
अपडेट. इंटरकूलरचा खालचा पाइप फाटला होता, क्लॅम्पच्या अगदी लगत, वरून दिसतच नव्हता. ३,४०० रुपये. शिट्टी गेली, गाडी जशीच्या तशी झाली. पाइप टाकल्यावर परत स्कॅन केलं, दोन्ही बूस्ट जवळजवळ सारखे. ताई, धन्यवाद.
शनिवारची अपॉइंटमेंट रद्द नाही केली, पुढच्या महिन्यावर ढकलली. ट्यूनरले विचारलं, २५०च्या वर न जाणारा मॅप देशील का? म्हणे, "देतो ना, पण मग मजा काय राहिली?"

सावजी_रस्सा
टायरमध्ये काय भरलं शेवटी?