फोटो घेताना आधी काय बघता? बडोदेकरांनो, लिहा

दांडियाबाजारची
काल माळा आवरताना निगेटिव्हचं पाकीट सापडलं आणि आमची न्हाणी आठवली. जेवणं उरकली की बाबा खिडकीला काळं कापड लावून लाल दिवा पेटवायचे आणि तिथेच फोटो धुवायचे. फोटो छापायच्या ब्रोमाइड कागदाला लाल उजेड लागत नाही. ट्रे हलवायचं काम माझं. कोऱ्या कागदावर आधी आजीचा अंबाडा उमटला, मग भुवया, गालावरच्या सुरकुत्या सगळ्यात शेवटी. गडद ते आधी येतं. तेव्हापासून मी आधी सावलीच बघते. तांबेकर वाड्यातल्या भित्तिचित्रांपुढे दोनदा नुसती उभी राहून आले, उजेड तिरपा कधी होतो ते बघायला. समोरून उजेड असला की भिंत सपाट दिसते. तुमचं कसं?

रावपुरेकर
३६ फोटोंचा रोल दिवाळी ते संक्रांत पुरवायचो. अजून मोबाइलवरही दोनच घेतो, मुलं चिडतात.

मांडवीची सून
हायपोचा, म्हणजे फोटो पक्का करायच्या रसायनाचा वास!! सासऱ्यांच्या बोटांना कायम. कुकर लावलाय, येते.

रंगरेषा
फाइन आर्ट्सला होते. ज्योती भट्टांचे फोटो जरूर बघा (२०१९ची पद्मश्री). मूळचे चित्रकार आणि छापचित्रकार, पण गावोगावच्या भिंती आणि रांगोळ्या त्यांनी टिपल्या, काढणाऱ्या बायकांसकट. मी आधी नुसती नक्षी टिपायचे. आता तो हात चौकटीत नसेल तर मला फोटो पुरा वाटत नाही.

सुरसागरकाठी
आमच्या लग्नाचा रोल स्टुडिओत धुवायला दिला, उजेड लागून सगळा गेला. आई त्याच वर्षी गेली. पैठणीतली तिची एकही छबी नाही. म्हणून मी माणसांचेच काढतो, कामात असताना.

दांडियाबाजारची
दादा, वाचून गलबललं. कुणा पाहुण्याकडे असेल एखादा, विचारून बघा ना.

रावपुरेकर
ताई, ते पाकीट पावसाळ्याआधी ओल शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत डब्यात ठेवा, बुरशी धरते. जेल निळी असेल तर गुलाबी झाली की बदला.

कमाटीबागवाला
रविवारी सकाळी कोण येतंय? कॅमेरे घेऊन, मग सेव-उसळ.

रंगरेषा
मी! साडेसातच्या आत, नंतर ऊन डोक्यावर येतं.

मांडवीची सून
आले. सासरे फोटोआधी समोरच्याला काहीतरी करायला द्यायचे. मला शेंगा सोलायला दिल्या होत्या. लग्नानंतरचा माझा पहिला फोटो तो, पदरात टरफलं आणि अंगठ्याला माती. आत्ताही समोर भिंतीवर आहे. रविवारी घेऊन येते.