बक्षीस, मोबदला, गोडी: वर्गातल्या चांदणीला काय म्हणायचं?

प्रश्न

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरीला शिकवते. गेल्या वर्षी भिंतीवर वाचनाचा तक्ता लावला होता. गोष्टीचं एक पुस्तक वाचून झालं की नावापुढे एक चांदणी. महिनाभर पेटीतली पुस्तकं पुरेनात. दिवाळीनंतर चांदण्या संपल्या, नव्या आणायच्या राहून गेल्या. तेव्हा जिच्या नावापुढे सगळ्यात लांब रांग होती तिनेच विचारलं, "बाई, चांदणी नसली तरी वाचायचं का?" ही मुलगी तक्ता लागायच्या आधीपासून वाचत होती. म्हणून तो प्रश्न अजून टोचतो.

पुढच्या पालकसभेत यावर बोलायचं आहे. डी.एड.ला 'आंतरिक अभिप्रेरणा' (कामाची आतूनच वाटणारी ओढ) आणि 'बाह्य अभिप्रेरणा' (बाहेरून काही मिळेल म्हणून काम करणं) असे शब्द शिकलो होतो. शेतावरून थेट सभेला येणाऱ्या आईबापांपुढे ते कसे म्हणायचे? बोलीतले शब्द सुचवा.

प्रतिसाद १

ताई, 'अभिप्रेरणा' सोडूनच द्या. मला तर 'प्रेरणा'सुद्धा इथे नीट बसत नाही. तो शब्द 'ईर्' धातूवरून आला, आणि त्यात हलवणं, ढकलणं आहे. ढकलणारा बहुधा दुसराच असतो. आपण प्रेरणा कुणाकडून तरी घेतो, कुणाला तरी देतो.

आतून येतं त्याला मराठीत केवढे शब्द आहेत! गोडी, ओढ, नाद, छंद, ध्यास, वेड. या सगळ्यांचं क्रियापद एकच, 'लागणे'. 'मुलाला वाचनाची गोडी लागली' या वाक्यात देणारा कोणी नाहीच. आता दुसरी रांग बघा: बक्षीस देतात, उत्तेजन देतात, लालूच दाखवतात, आमिष दाखवतात. इथे देणारा किंवा दाखवणारा हवाच, तो गेला की वाक्यही गेलं. 'आमिष' म्हणजे मुळात मांस, गळाला लावलेला तुकडा. तुमच्या चांदण्यांना मी तो शब्द लावणार नाही, तुमच्या मनात फसवणूक नव्हती.

प्रतिसाद २

क्रियापदाची खूण छान आहे, पण पुरेशी नाही. चटकही लागतेच की. त्या मुलीला आधी वाचनाची गोडी होती, मग चांदणीची चटक लागली. पहिलीवर दुसरी चढली. आणि 'गोडी लावणे' हा प्रयोग विसरू नका, तिथे लावणारा असतो. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला तेच केलं. मुलं बालवाडीत येईनात तेव्हा बालवाडी त्यांच्या अंगणात नेली, बिया, शंख-शिंपले, खडे असं भोवतीचं साहित्य हाताशी दिलं. 'अंगणवाडी' हा शब्द तिथलाच. गोडी लावणारा माणूस ती वस्तूच जवळ आणतो, वस्तूच्या बदल्यात दुसरं काही देत नाही.

प्रतिसाद ३

मी दस्तलेखनाचं काम करतो, त्यामुळे एका वेगळ्या बाजूने सांगतो. दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात आम्ही रोज दोन प्रकारचे दस्त करतो. खरेदीखतात मोबदल्याची रक्कम लिहावी लागते. बक्षीसपत्रात मोबदला नसतो. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात बक्षिसाची व्याख्याच अशी आहे की स्वेच्छेने आणि मोबदल्याशिवाय दिलेलं. शब्द फारसीतल्या 'बख्शिश'वरून आला, त्या धातूत देणंही आहे आणि माफ करणंही.

म्हणजे 'एक पुस्तक वाच, एक चांदणी घे' हे बक्षीस नव्हेच. तो मोबदला झाला, ताई. आधी ठरलेला दर आणि त्याप्रमाणे केलेलं काम. मग दर बंद झाल्यावर मुलीने जे विचारलं ते कुठलाही मजूर विचारील, आणि त्यात तिचं काहीच चुकलं नाही.

'पारितोषिक' तर आणखी स्पष्ट. परितोष म्हणजे समाधान. संस्कृत नाटकांत शुभवार्ता आणणाऱ्याला खूश झालेला माणूस अंगावरचा दागिना काढून देतो, ते पारितोषिक. काम आधी, आनंद मग, देणं शेवटी.

प्रतिसाद ४

दस्तलेखकदादांनी केलेला भेद प्रयोगातही दिसला आहे. 1973 मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालशाळेत स्केचपेनने चित्रं काढण्याची आधीच आवड असलेली 3 ते 5 वर्षांची मुलं निवडली. एका गटाला आधी सांगितलं, चित्र काढलंत तर प्रमाणपत्र मिळेल. त्यावर सोनेरी चांदणी आणि फीत होती! दुसऱ्या गटाला तेच प्रमाणपत्र न सांगता, नंतर दिलं. तिसऱ्याला काहीच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात स्केचपेन नुसते ठेवले, तेव्हा पहिल्या गटाने मोकळ्या वेळातला सुमारे 9 टक्के वेळ चित्रांना दिला. अचानक मिळालेल्यांनी 18 टक्के, काही न मिळालेल्यांनी 17. प्रमाणपत्र एकच होतं. पहिल्यांना तो मोबदला झाला, दुसऱ्यांना बक्षीस.

एक मात्र सभेत जरूर सांगा. 1999 मध्ये एडवर्ड डेसी, रिचर्ड कोस्टनर आणि रिचर्ड रायन यांनी असे 128 प्रयोग एकत्र तपासले. ज्या कामात मुळातच रस नाही तिथे अशा मोबदल्यामुळे नुकसान दिसलं नाही. म्हणून पाढ्यांना चांदणी लावलीत तर मी ओरडणार नाही. गोष्टीच्या पुस्तकाला लावू नका.

प्रतिसाद ५

'शाबासकी' राहिली की. फारसी 'शाद बाश', आनंदी राहा. पाठीवर थाप, बस्स. मोजता येत नाही, म्हणून तिचा तक्ताही होत नाही.

प्रश्नकर्ती

सगळ्यांचे आभार. सभेत बोलायचं वाक्य असं लिहिलंय: "पोराला ज्याची गोडी आहे त्याचा मोबदला ठरवू नका. वाचलेलं सांगायला आलं तर हातातलं काम ठेवून ऐका." आमच्याकडे 'मोबदला'पेक्षा 'मजुरी' लवकर कळेल, तो एक बदल करते. तक्ता काढला आहे. पुस्तकांची पेटी कपाटातून काढून खिडकीखाली ठेवली. काल मधल्या सुट्टीत ती मुलगी पेटीपाशी उकिडवी बसून चित्रं बघत होती. वाचते आहेस का, असं मी विचारलं नाही.