सलग सात पराभव आणि राजगीरचा 2025 चा हॉकी आशिया चषक : माझे अंदाज

मधली_फळी
"प्रो लीगमधील (नऊ देशांच्या आंतरराष्ट्रीय हॉकी स्पर्धेतील) भारताचे सलग सात पराभव हे निव्वळ दुर्दैव, सहा सामने तर एकेका गोलानेच गेले, त्यामुळे आशिया चषक आपलाच" असे काल एका सदस्याने लिहिले, आणि उत्तर दिल्यावाचून राहवले नाही. एखादा सामना एका गोलाने हातचा जाणे हे दुर्दैव असू शकते. नेदरलँड्स, अर्जेंटिना आणि ऑस्ट्रेलिया या तिघांविरुद्ध प्रत्येकी दोनदा तेच घडले, तेव्हा ती सवय झाली. शेवटच्या सत्रात आपण आघाडी किंवा बरोबरी राखण्यासाठी मागे सरकतो आणि चेंडू आपल्याच गोलासमोरच्या वर्तुळाभोवती फिरत राहतो. नऊ संघांत आठवे स्थान मिळाले, खाली फक्त आयर्लंड. माझा अंदाज असा, की बिहारमधील राजगीरला आपण अंतिम फेरी गाठू, पण कोरियापुढे अडखळू आणि विजेत्याला मिळणारे 2026 च्या विश्वचषकाचे थेट तिकीट हुकेल.

उजवी_बगल
अंदाज अजिबात पटला नाही. शेवटच्या सामन्यात याच संघाने बेल्जियमला 4-3 असे हरवले, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. आशियातील संघांविरुद्ध आपण 2023 मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत सुवर्ण जिंकलो, तेव्हा युरोपातील निकाल राजगीरला लावू नयेत. खरा रोग वेगळाच आहे : पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताचे 15 गोल झाले, त्यांतील 10 पेनल्टी कॉर्नर (वर्तुळातील चुकीबद्दल मिळणारी संधी) मारणाऱ्या एकट्या कर्णधार हरमनप्रीतचे. तो अडला की संघ अडतो, आणि मैदानी (चालू खेळातले) गोल करणारे आघाडीवीर आपण घडवतच नाही.

गोलरेषा
हे रडगाणे आता पुरे झाले. पेनल्टी कॉर्नर कोणी दान म्हणून देत नाही, तो वर्तुळात घुसून कमवावा लागतो. सरळ फटका मारला तर पहिला चेंडू गोलातील 460 मिलीमीटर उंचीच्या फळीच्या वर जाता कामा नये. ड्रॅग फ्लिकला, म्हणजे चेंडू स्टिकने ओढत नेऊन भिरकावण्याला, ते बंधन नाही, आणि म्हणूनच फ्लिकची दहशत असते. महाविद्यालयाच्या संघात पहिला धावून जाणारा बचावपटू मीच असे. मुखवटा चढवायचा, स्टिक जमिनीलगत धरायची आणि फ्लिक करणाऱ्याच्या रोखाने सरळ सुटायचे. एकदा चेंडू गुडघ्याच्या वाटीवर बसला आणि मला उचलून बाहेर न्यावे लागले. पुढच्या कॉर्नरला माझ्या जागी जो धावला तो अर्ध्या वाटेतच कचरला, आणि गोल झाला. असे अस्त्र हाती असताना त्याला रोग म्हणणे हा त्या खेळाडूवर अन्याय आहे.

उजवी_बगल
आपल्या गुडघ्याविषयी आदर आहे, पण त्यामुळे हिशेब बदलत नाही. 2023 च्या विश्वचषकात भुवनेश्वरला न्यूझीलंडविरुद्ध 3-1 अशी आघाडी घेऊनही 3-3 झाले आणि शूटआउटमध्ये आपण बाहेर पडलो. हुकमी अस्त्र तेव्हाही संघात होते.

गोलरेषा
ती आघाडी बचावाने घालवली, फ्लिकने नव्हे! दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत करून आपण मलाच शहाणपण शिकवू नये.

मधली_फळी
दोघेही कॉर्नरवर भांडत बसला आहात आणि नकळत माझाच मुद्दा सिद्ध करीत आहात, कारण आघाडी घालवणे हेच तर मी म्हणत होतो. गोलरक्षक श्रीजेश निवृत्त झाल्यापासून शेवटच्या मिनिटांत बचावाला ओरडून जागेवर ठेवणारा आवाजच उरलेला नाही. त्याच्या जागी आलेले पाठक आणि करकेरा चेंडू उत्तम अडवतात. पण समोरच्या चौघा बचावपटूंना हलवण्याचा अधिकार वर्षानुवर्षांच्या खेळातूनच येतो, आणि तो ऑगस्टअखेरपर्यंत येईल असे मला वाटत नाही.

उजवी_बगल
श्रीजेशविषयीचे म्हणणे मान्य करावे लागते, नाइलाजाने. तरीही कोरियाचे भय मला पटत नाही. हरमनप्रीत तंदुरुस्त राहिला आणि अभिषेक, सुखजीत या आघाडीवीरांनी मैदानी गोल केले, तर अंतिम सामना आपण दोन गोलांच्या फरकाने जिंकू.

गोलरेषा
जिंकू, आणि त्यांतील निदान एक गोल कॉर्नरवरच होईल.