वाट अडवली असेल तर सहा महिने निघून जाऊ देऊ नका

दलित शेतकऱ्याच्या रानाची वाट शेजाऱ्याने अडवली तर काय करायचं, या प्रश्नावर दोघांनी लिहिलंय की जमिनीच्या वादात ॲट्रॉसिटी (अनुसूचित जाती-जमातींवरचे अत्याचार रोखणारा १९८९चा कायदा) लागतच नाही, दिवाणी दावा टाका. ते अर्धंच खरं आहे. हितेश वर्मा प्रकरणात (२०२०) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की नुसता मालकीचा वाद पुरत नाही, कृत्य जातीमुळे झालेलं असावं लागतं. पण याच कायद्याच्या कलम ३ मध्ये जमीन बळकावणं, पाणी अडवणं, पीक नासवणं हे सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. म्हणून "तुमच्या आळीने इथून जायचं नाही" असले शब्द पहिल्याच फिर्यादीत जसेच्या तसे यायला हवेत.

आणखी एक मार्ग त्या प्रश्नावर कुणी सांगितला नाही. कोरेगाव तालुक्यात आमच्या वतनाच्या रानाची गाडीवाट शेजाऱ्याने चर खणून, वर बाभळीच्या फांद्या टाकून बंद केली. ऊस तोडीला आलेला. वकिलांनी मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करायला लावला. त्याला अडवणूक झाल्यापासून सहाच महिन्यांची मुदत असते. आम्ही पाचव्या महिन्यात पोचलो. पंचनाम्याला मंडल अधिकारी आले तेव्हा आईने त्यांना चरापलीकडची जुनी चाकोरी दाखवली. वाट खुली झाली.