मिठाचे पाणी नको, वेष्टन जपून ठेवा
कुत्र्याने चॉकलेट खाल्ले तर मिठाचे पाणी पाजून त्याला उलटी करवावी आणि लगेच डॉक्टर गाठावा, असा सल्ला दिला जातो; त्यातले मिठाचे पाणी मला पटत नाही. उलटी झालीच नाही तर ते मीठ अंगात राहते आणि रक्तातील सोडियम वाढून झटके येऊ शकतात. डॉक्टर लगेच गाठावा हे खरे, मात्र गुहागरहून चिपळूण गाठायला आम्हांला तासाहून अधिक लागतो, म्हणून आधी फोन करावा.

गेल्या पावसाळ्यात आमच्या १२ किलोच्या मोतीने केकसाठी आणलेले ८० ग्रॅम डार्क चॉकलेट पडवीत चंदेरी कागदासकट फस्त केले. डॉक्टरांनी फोनवर प्रथम कुत्र्याचे वजन आणि वेष्टनावरचा प्रकार विचारला, कारण थिओब्रोमाइन, म्हणजे चॉकलेटमधले कुत्र्यांना बाधणारे द्रव्य, मिल्क चॉकलेटमध्ये ग्रॅममागे सुमारे २ मिलिग्रॅम, तर डार्कमध्ये ५ किंवा त्याहून अधिक असते, आणि शरीराच्या दर किलोमागे साधारण २० मिलिग्रॅमपासून त्रास सुरू होतो. आमचा हिशेब ३३ वर गेला. दोन तासांच्या आत पोहोचल्याने इंजेक्शन देऊन उलटी करवता आली, त्यात कागदाचे तुकडेही निघाले. तरीही मोती रात्रभर माजघरात धापा टाकत फेऱ्या मारत होता, कारण हे द्रव्य निम्मे उतरायलाच कुत्र्याला १७-१८ तास लागतात.